बांधून ठेवलेली नळी

"मग नळी बसवलीच कशाला, अक्का?"

अक्का पावट्याच्या शेंगा सोलत होत्या. आश्रमात सकाळी जो रिकामा दिसेल त्याच्यापुढे सूप सरकवायचं, अशी रीत होती. अक्का डोळ्यांच्या नावाजलेल्या सर्जन होत्या, पण त्यांनाही त्यातून सूट नव्हती.

"सांगा ना. एवढी खटपट करून नळी बसवायची आणि वर दोऱ्याने आवळून टाकायची. थेंबभर पाणी जात नाही तिच्यातून. याला काय अर्थ आहे?"

"तुला ठाऊक आहे."

"पुस्तकातलं ठाऊक आहे."

"तेवढं पुरे."

अक्कांनी पुढची शेंग उचलली. विश्वजितच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

डॉक्टर विश्वजित जगदाळे. सुवर्णपदक, शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलातली तीन वर्षं आणि स्वतःविषयी अतिशय चांगलं मत, एवढी पुंजी घेऊन तो या टेकडीवर आला होता. ज्या काचबिंदूपुढे बाकीच्यांनी हात टेकले, तो इथे येतो आणि अक्का त्याला नळी बसवतात, असं त्याने ऐकलं होतं. महिनाभरात शिकून जाऊ, असा त्याचा अंदाज होता.

त्याला आठ महिने झाले होते.

अक्का आता स्वतः ऑपरेशन करत नसत. त्या सूक्ष्मदर्शकाच्या दुसऱ्या भिंगाला डोळा लावून बसत आणि "हं" म्हणत किंवा "अंहं" म्हणत. आठ महिन्यांचं शिक्षण म्हणजे एवढंच. विश्वजितने एकदा वैतागून मोजले होते. दिवसाला सतरा "अंहं" आणि तीन "हं".

"नळी बसवून आज बाविसावा दिवस," तो म्हणाला. "दाब एकतीस आहे."

"काल?"

"तीस."

"परवा?"

"एकतीस."

"मग चढत नाही."

"उतरतही नाही! अक्का, त्या बाईला हा एकच डोळा आहे."

अक्कांचा हात क्षणभर थांबला. मग शेंग सोलली गेली.

"चाळीस झाला तर मला सांग," त्या म्हणाल्या.

ती बाई म्हणजे यमुनाबाई खिलारे. खालच्या गावात तिची पिठाची गिरणी होती आणि नवऱ्यामागे ती एकटीनेच चालवत होती. डावा डोळा जुनाच गेलेला. उजव्याला काचबिंदू.

काचबिंदूचं दुखणं मोठं खोडसाळ. डोळ्याच्या आत पाणी तयार होत राहतं, पण ते बाहेर पडायची वाट बुजते. आतला दाब वाढतो आणि मागची नस चिरडत जाते. नस जेवढी मेली, तेवढी नजर गेली. ती कोणाच्याही बापाला परत आणता येत नाही. उरलेली राखायची, एवढंच डॉक्टरच्या हाती असतं.

यमुनाबाईचे थेंब घालून झाले, लेझर झालं, एक ऑपरेशनही झालं. पाण्याला नवी वाट काढून दिली, तर शरीराने ती जखम समजून महिन्याभरात भरून टाकली. मग उरली ती नळी. शिवणाच्या दोऱ्याएवढी बारीक. एक टोक डोळ्याच्या आत, दुसरं टोक नखाएवढ्या चकतीला, आणि चकती डोळ्याच्या पांढऱ्या भागावरच्या आवरणाखाली, वरच्या पापणीआड दडवलेली. पाणी नळीतून चकतीवर यायचं आणि तिथून मुरायचं.

पण लगेच नाही. चकतीभोवती शरीर आपली एक पातळ पिशवी विणतं. ती पुरी झाली की पाण्याला अडसर मिळतो आणि ते बेताने झिरपतं. पिशवी होण्याआधी नळी उघडली, तर डोळा एकदम रिता होतो. म्हणून नळी जांभळ्या दोऱ्याने बांधून ठेवायची. तो दोरा पाच-सहा आठवड्यांनी आपला आपण विरघळतो.

हे सगळं विश्वजितला तोंडपाठ होतं. गाठही त्यानेच मारली होती आणि त्या गाठीला अक्कांनी "हं" म्हटलं होतं. पण रोज सकाळी दाब मोजायचा, एकतीस लिहायचं आणि हात चोळत बसायचं, हे कुठल्याच पुस्तकात इतकं लांबलचक नव्हतं.

त्यात यमुनाबाई.

"डाक्टर, आज किती?"

"एकतीस."

"काल तीस व्हता न्हवं?"

"हो."

"म्हंजी वाढला."

"एकाने वाढला, मावशी. त्याला वाढला म्हणत नाहीत."

"मग काय म्हनत्यात?"

विश्वजितने कपाळाला हात लावला.

"त्या गोळ्यांनी बोटास्नी मुंग्या येत्यात. आनी वर केळी खा म्हनता. माकडं बी एवढी केळी खात न्हाईत, डाक्टर."

"गोळीने अंगातले क्षार जातात, म्हणून केळी. किती वेळा सांगू?"

"गिरन बंद हाय माझी. जाऊबाई बसती तिथं, पर तिला पट्ट्याजवळ जायाची भीती वाटती. पीठ जाड आलं का बारीक, त्ये मला हाताला कळतंय. पट्टा कुठं फिरतोय त्ये मातर डोळ्यालाच कळाया लागतं. न्हाईतर हातच जायाचा. कवा जायाचं ते पानी?"

तिने विचारलं ते रागाने नव्हतं. म्हणूनच विश्वजितला ते जास्त लागलं. या बाईची नस रोज थोडी थोडी चिरडली जाते आहे आणि आपण तिला केळी चारतो आहोत, या विचाराने त्याचा जीव कासावीस झाला.

अक्का दुपारच्या प्रार्थनेला बसल्या, तेव्हा त्याने ठरवलं.

लेझरची खोली आश्रमाच्या दवाखान्याच्या मागच्या अंगाला होती. त्याने यमुनाबाईला मशीनपुढच्या स्टुलावर बसवलं आणि दार लोटून घेतलं.

"काय करायचं हाय?"

"दोरा तोडायचा. बाहेरूनच, लेझरने. एक ठिपका, की झालं. दुखणार नाही."

"अक्कांस्नी इचारलं?"

"मावशी, हनुवटी टेका इथे."

"इचारलं का पर?"

"त्यांना विचारायला मी काय शाळेत आहे?"

"म्हंजी न्हाई इचारलं."

"हनुवटी टेका."

"टेकते की. अक्का येऊ द्यात."

"त्यांचं काय आहे त्यात? ऑपरेशन मी केलंय. डोळा तुमचा आहे. दाब वाढलेला आहे. हे तुम्हाला कळतंय का? रोज नुकसान होतंय!"

"कळतंय."

"मग?"

"मग अक्का येऊ द्यात."

त्याला ओरडावंसं वाटलं. सुवर्णपदक मिळवलेल्या माणसापुढे एक गिरणीवाली बाई हनुवटी टेकत नाही, आणि तीसुद्धा स्वतःच्याच भल्यासाठी! तो मशीनची बटणं उगाच दाबत राहिला. यमुनाबाई मांडीवर हात ठेवून स्वस्थ बसली होती.

दार उघडलं. अक्का.

त्यांनी मशीनकडे पाहिलं. चालू होतं. विश्वजितने मान वर केली. आता जे व्हायचं ते होऊन जाऊ दे, असा त्याचा आविर्भाव होता.

"अक्का, मी—"

"बंद करू नकोस," अक्का म्हणाल्या. "राहू दे चालू."

तो गोंधळला.

"आधी डोळा हाताने बघ. मग काय ते कर."

"हाताने? दाब मशीनवर मोजलाय मी. सकाळीच."

"हाताने."

विश्वजितने उसासा टाकला. पहिल्या वर्षाच्या पोरांना शिकवतात तसं. मिटल्या पापणीवर दोन्ही हातांची पहिली बोटं ठेवायची आणि आळीपाळीने हलकेच दाबून आतला गोळा किती घट्ट आहे ते अजमावायचं. मशीनं नव्हती तेव्हाची ही विद्या. तो उजव्या डोळ्याकडे वळला.

"अंहं. तो ताजा आहे, त्याला हात लावू नकोस. डावा बघ."

"डाव्यात काय बघायचंय? तो गेलेला आहे."

"बघ."

त्याने यमुनाबाईला खाली बघायला सांगितलं. डाव्या पापणीवर बोटं टेकवली आणि दाबलं.

बोटं आत गेली. त्याला अपेक्षा होती त्याहून खूप आत. परवाच्या सणाचा फुगा आज हाती लागावा, तसं ते लागलं.

त्याने हात मागे घेतला.

"किती?" अक्कांनी विचारलं.

"काय किती?"

"दाब."

"असेल… तीन. फार तर चार."

"उजव्याला तुला किती हवाय?"

"बारा. तेरा."

"मग हा त्याहून चांगला."

"अक्का, हा मेलेला डोळा आहे!"

"हो."

"कशाने गेला?" अक्का म्हणाल्या.

विश्वजित मशीनशेजारच्या फाइलकडे वळला.

"फाइल वाचलीस?"

वाचली होती. उजव्या डोळ्याचं पान न् पान वाचलं होतं. डाव्याच्या पहिल्या पानावर "दृष्टी नाही" एवढे दोन शब्द दिसले आणि त्याने पुढची पानं उलटली होती. सगळेच डॉक्टर तसं करतात. गेलेल्या डोळ्यात वाचवायचं काही नसतं, मग वाचायचं तरी काय?

"नाही," तो म्हणाला.

अक्का भिंतीशी असलेल्या बाकावर बसल्या.

"अकरा वर्षं झाली. याच खोलीत. तिची ती नळीसुद्धा अशीच बांधलेली होती. एकोणिसावा दिवस. दाब बत्तीस."

"दोरा तोडला?"

"एका ठिपक्यात."

"मग?"

"पाणी धावत सुटलं. दुपारी तीन वाजता दाब दोन. संध्याकाळी आत रक्त उतरलं. महिन्याभरात डोळा आकसला."

विश्वजितला आता विचारायचं नव्हतं. पण तोंडातून निघून गेलं.

"कोणी तोडला?"

"अक्कांनी," यमुनाबाई म्हणाली.

दळण कोणाचं आहे, हे सांगावं तशा आवाजात तिने सांगितलं.

मशीनचा पंखा घरघरत होता. विश्वजित एकदा अक्कांकडे बघत होता, एकदा यमुनाबाईकडे. त्याला शरम वाटली, आणि शरम वाटली म्हणून संतापही आला. कोणावर काढावा ते मात्र त्याला सुचेना. शेवटी त्याने तो यमुनाबाईवरच काढला.

"आणि मावशी, तरी तुम्ही उजवा डोळा यांच्याकडेच आणलात?"

"मग कुनाकडं न्यायचा?"

"जगात काय दुसरे डॉक्टर नाहीत?"

"हायती की. तोडनारं लई हायती." यमुनाबाईने पदर सारखा केला. "कवा तोडायचं न्हाई, त्ये आनी कुनाला ठावं हाय?"

"सा म्हैनं बोलले न्हवते मी ह्यांच्याशी," ती पुढे म्हणाली. "शिव्या दिल्या. अक्षी तोंडावर दिल्या. ह्या दर आइतवारी गिरनीवर यायच्या. दळान काय नसायचं ह्यांच्यापाशी. पायरीवर बसायच्या आन् सांज झाली की जायाच्या. गिऱ्हाइकं इचारायची, ही बाई कशापायी बसती? मी तरी काय सांगू?"

अक्का बाकावरून उठल्या आणि विश्वजितला म्हणाल्या, "बघितलास ना हाताने? आता तुला तोडायचा असेल तर तोड. मी अडवणार नाही."

आणि त्या खरंच बाजूला उभ्या राहिल्या.

यमुनाबाईने दोघांकडे एक नजर टाकली आणि मग कोणी न सांगता मशीनवर हनुवटी टेकली.

विश्वजितने बटणावर बोट ठेवलं… काढलं… पुन्हा ठेवलं.

"हे बरोबर नाही, अक्का," तो म्हणाला. "हे सगळं माझ्यावर टाकणं बरोबर नाही."

त्याने मशीन बंद केलं.

पुढचे दिवस कसे गेले ते विश्वजितलाच ठाऊक. तो शहाणा होऊन शांत झाला, असं कोणी समजू नये. उलट जास्तच चिडका झाला. पंचविसाव्या दिवशी दाब बत्तीस. अठ्ठाविसाव्या दिवशी तेहतीस. तिसाव्या दिवशी छत्तीस झाला, तेव्हा तो अक्कांच्या खोलीत जवळजवळ घुसलाच.

"छत्तीस!"

"चाळीस झाला?"

"नाही."

"गोळी दिलीस?"

"दिली."

"थेंब?"

"घातले! सगळं केलं!"

"मग जा."

"कुठे जाऊ?"

"कुठेही. तिच्या उशाशी उभा राहू नकोस. तिला झोप लागत नाही."

तो गेला. स्वयंपाकघरात कोणीतरी त्याच्यापुढे सूप सरकवलं आणि त्याने पायलीभर शेंगा अशा सोलल्या, की निम्मे दाणे ठेचले गेले. आचाऱ्याने ते उचलून न बोलता आमटीत टाकले.

एकोणचाळिसाव्या दिवशी सकाळी त्याने दाब मोजला. पुन्हा मोजला. मशीन पुसून तिसऱ्यांदा मोजला.

बारा.

दोरा विरघळला होता. पाणी नळीतून चकतीवर येत होतं, चकतीभोवतीच्या पिशवीत थांबत होतं, आणि तिथून बेताने मुरत होतं. ज्या शरीराने आधीचं ऑपरेशन बुजवून टाकलं होतं, त्याच शरीराने हा बांध घातला होता. विश्वजितचे डोळे भरून आले. त्याने ते घाईघाईने पुसले.

"मावशी, बारा!"

"व्हय?"

"बारा म्हणजे उत्तम! नळी चालू झाली."

यमुनाबाईने डोळा बारीक करून दाराकडे पाहिलं, खिडकीकडे पाहिलं, आणि मग त्याच्याकडे.

"पर मला पयल्यापरीस जास्त काय दिसत न्हाई, डाक्टर."

विश्वजितचा चेहरा पडला.

"एकोणचाळीस दिवस!" तो अक्कांकडे वळून म्हणाला. त्या नुकत्याच आत आल्या होत्या. "एकोणचाळीस दिवस जिवाचा आटापिटा केला, आणि ही म्हणते जास्त काही दिसत नाही! हिला पहिल्या दिवशी सांगितलं होतं मी, गेलेलं परत येत नाही म्हणून. दहादा सांगितलं होतं!"

अक्का यमुनाबाईजवळ गेल्या.

"कमी दिसतंय का गं?"

"न्हाई. हाय तसंच हाय."

"पट्टा दिसेल?"

यमुनाबाईने विचार केला.

"दिसंल की."

"मग जा घरी."

"आन् ती केळी?"

"बंद."

यमुनाबाई पहिल्यांदा हसली. बोचकं बांधायला तिला पाच मिनिटंही लागली नाहीत. निघताना ती अक्कांच्या पाया पडली नाही आणि विश्वजितच्याही नाही. "येते," म्हणाली आणि उताराच्या वाटेने, एक हात वाटेकडेच्या कठड्याला लावत, खाली जीपकडे निघाली.

दोघं पायरीवर उभे राहून बघत होते. ती कुठे अडखळली नाही.

विश्वजितला बरं वाटत होतं. आणि बरं वाटू लागलं की त्याच्यातलं सुवर्णपदक जागं होई.

"अक्का, एक बोलू?"

"हं."

"तुमच्या वेळी तसं झालं, ते वाईट झालं. पण मी सगळे लेख काढून वाचले. दोरा लवकर तोडूनही कितीतरी डोळे वाचतात. बहुतेक वाचतातच. प्रामाणिकपणे सांगा. त्या दिवशी मी तोडला असता, तरी हिचा डोळा वाचला असता."

"वाचला असता," अक्का म्हणाल्या.

एवढ्या लवकर त्या कबूल होतील, असं त्याला वाटलं नव्हतं. त्याने चमकून त्यांच्याकडे पाहिलं.

"मग?"

खाली जीप सुरू झाली. अक्का ती वळणाआड जाईपर्यंत बघत राहिल्या…

"माझेही आधीचे सात वाचले होते."